पोट आणि मन यांच्यामधली एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणा

पेशीजाल

मागच्या आठवड्यात आयबीएसच्या (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्यांत काही न सापडता पोट सतत दुखणं-बिघडणं) धाग्यावर एका ताईंनी लिहिलं होतं की सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, रक्त, सगळं नॉर्मल आलं आणि "टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून त्यांना घरी पाठवलं. खाली तिघाचौघांनी "हे सगळं मनाचं असतं" अशी री ओढली. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. त्या प्रतिसादांनी मला फार वाईट वाटलं, कारण रिपोर्ट नॉर्मल असतानाही पोट आणि मन एकाच वेळी बिघडू शकतं, आणि त्याला शरीरात खरीखुरी यंत्रणा आहे. अशा यंत्रणा अनेक आहेत. मी इथे एकीबद्दलच लिहिते, ती म्हणजे एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणा: गांजातल्या घटकासारखं काम करणारे रेणू शरीर स्वतःच बनवतं, ती. कारण तिच्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच सापडत नाही आणि जे सापडतं ते बहुतेक गांजाचं तेल विकणाऱ्यांचं असतं.

गांजातला नशा आणणारा घटक टीएचसी. त्याची रचना १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. हा रेणू मेंदूत नेमका कुठे चिकटतो, हे कळायला आणखी चोवीस वर्षं गेली. १९८८ मध्ये अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांना तो ग्राही, म्हणजे रिसेप्टर, सापडला. त्याला आज सीबी-१ म्हणतात. आता शरीरात ग्राही आहे म्हणजे त्याला चिकटणारं शरीराचं स्वतःचं काहीतरी असणारच. डेव्हेन पुढे मेशुलम यांच्याकडे जेरुसलेमला गेले आणि १९९२ मध्ये डुकराच्या मेंदूतून तो पदार्थ वेगळा झाला. 'आनंद' या संस्कृत शब्दावरूनच त्याला 'आनंदामाइड' हे नाव दिलं.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट १९९५ ची आहे. त्या वर्षी मेशुलम यांच्या गटाला दुसरा असाच रेणू सापडला, २-एजी. तो सापडला कुत्र्याच्या आतड्यात. (जपानमध्ये सुगिउरा यांच्या गटाने तोच रेणू त्याच सुमारास मेंदूत दाखवला.) या यंत्रणेचा एक पाय पहिल्यापासून पोटात आहे, तो असा.

ती काम कशी करते ते बघा. चेतापेशींमध्ये साधारणपणे संदेश एका दिशेने जातो, देणाऱ्या पेशीकडून घेणाऱ्या पेशीकडे. हे रेणू मात्र उलटे जातात. घेणारी पेशी फार उत्तेजित झाली की ती आपल्याच पटलातल्या मेदापासून आनंदामाइड किंवा २-एजी तिथल्या तिथे बनवते. ते देणाऱ्या पेशीवरच्या सीबी-१ ला जाऊन चिकटतात आणि देणारी पेशी हात आखडता घेते. पंगतीत पानावर हात आडवा धरला की वाढपी थांबतो, तसं. काम झालं की दोन विकरं (एन्झाइम) हे रेणू मोडून टाकतात: आनंदामाइडला मुख्यतः 'फाह' आणि २-एजीला 'मॅगल'. साठा करायचा नाही, लागेल तेव्हा बनवायचं आणि लगेच मोडायचं, असा सगळा कारभार.

आतड्याच्या भिंतीत स्वतःचं चेतातंत्र असतं, कोट्यवधी चेतापेशींचं. आतडं आकुंचन पावतं ते त्यातल्या ॲसिटिलकोलीन सोडणाऱ्या पेशींमुळे, आणि त्यांच्यावर सीबी-१ भरपूर आहेत. सीबी-१ जागे झाले की आतड्याची हालचाल मंदावते, जठरातलं आम्ल कमी होतं, मळमळ कमी होते. आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशींवर दुसरा ग्राही आहे, सीबी-२. तो १९९३ मध्ये सापडला आणि दाह आवरण्याशी त्याचा संबंध आहे. पोटातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हच्या तंतूंवरही सीबी-१ आहेत. या नर्व्हबद्दल लोकांची समजूत उलटी असते. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू पोटाची खबर वर नेणारे आहेत, मेंदूचे हुकूम खाली आणणारे नव्हेत.

आणि मेंदूत? भीती आणि काळजी हाताळणाऱ्या अमिग्डालात सीबी-१ आहेत. ताण आला की तिथे फाह जोरात चालतं आणि आनंदामाइड घटतं, हे प्राण्यांमध्ये नीट दाखवलं गेलं आहे. म्हणजे काळजीला लगाम घालणारं रसायन नेमकं काळजीच्या वेळीच कमी पडतं.

हे सगळं उंदीर-घुशींचं झालं, माणसाचं काय, असं कोणीतरी विचारणार, म्हणून पुरावा आधीच मांडते. हा प्रयोग मुद्दाम कोणी केला नव्हता. रिमोनाबंट नावाचं वजन कमी करण्याचं औषध २००६ मध्ये युरोपात आलं. ते सीबी-१ अडवतं. भूक कमी व्हायची, वजन उतरायचं. पण लोकांना मळमळ आणि जुलाब व्हायला लागले, आणि त्याच लोकसंख्येत नैराश्य आणि चिंताही वाढली. २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. खिन्नतेमुळे औषध सोडावं लागण्याचं प्रमाण नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा अडीच पट होतं. अमेरिकेच्या सल्लागार समितीने ते नाकारलं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपातही ते थांबवलं. एकच कुलूप बंद केलं आणि पोट व मन दोन्हीकडे गडबड झाली. "हे सगळं मनाचं" म्हणणाऱ्यांनी या औषधाचा इतिहास जरूर वाचावा.

आतड्यातल्या जंतूंचा भाग राहिला आहे. तो प्रतिसादांत लिहीन, नाहीतर धागा फार लांबेल.

---

शंकासूर

लेख आवडला, पण रिमोनाबंटचा पुरावा तुम्ही म्हणता तेवढा जोडणारा नाही. औषध मेंदूतही जात होतं आणि आतड्यातही. मेंदूतल्या सीबी-१ मुळे खिन्नता आणि आतड्यातल्या सीबी-१ मुळे जुलाब, अशा दोन स्वतंत्र घटना असू शकतात. एकाच कुलपाची दोन दारं असली म्हणून दारं एकमेकांना जोडलेली आहेत असं होत नाही.

---

पेशीजाल

@शंकासूर, आक्षेप रास्त आहे. रिमोनाबंट सांगतं ते इतकंच की माणसात दोन्हीकडे हा ग्राही रोजचं काम करतो आहे. जोडणीचा पुरावा वेगळा लागतो, आणि तो जंतूंच्या कामातून येतो.

२०२० मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या गटाने उंदरांना काही आठवडे सौम्य, अनपेक्षित ताण दिला. उंदीर खिन्न वागायला लागले. मग त्यांच्या आतड्यातले जंतू निरोगी उंदरांमध्ये घातले, तर ज्यांना ताण दिलाच नव्हता ते उंदीरही तसेच वागू लागले. त्यांच्या शरीरात एंडोकॅनाबिनॉइड बनवण्याचा मेदाचा कच्चा माल कमी पडला होता, आणि मेंदूच्या हिप्पोकॅम्पसमध्येही २-एजी कमी होतं. मॅगल अडवून २-एजी वाढवलं की वागणं सुधारलं. लॅक्टोबॅसिलसची एक विशिष्ट जात खायला दिली तरी सुधारलं. ताणापासून जंतू, जंतूंपासून मेद, मेदापासून २-एजी, आणि तिथून वागणूक, अशी साखळी इथे बऱ्यापैकी पूर्ण दिसते.

दुसरं काम २०२२ चं, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं, 'नेचर'मध्ये आलेलं. आतड्यातले काही जंतू असे मेदरेणू बनवतात की ते आतड्यातल्या संवेदी चेतांवरचे सीबी-१ जागे करतात. तो संदेश वर जातो आणि व्यायाम करताना मेंदूत डोपामीन वाढतं. प्रतिजैविकं देऊन जंतू मारले की उंदरांची पळण्याची हौसच कमी व्हायची. इथे ग्राही पोटातला आणि परिणाम मेंदूतला, म्हणजे तुमची दोन दारं जोडणारी वाट सापडते. दोन्ही प्रयोग उंदरांवरचे आहेत, हे मान्य.

---

औषधवाला

माझं औषधांचं दुकान आहे. रिमोनाबंटची गोळी भारतातही आली होती, बऱ्याच कंपन्यांची. जिममधली तरुण मुलं चिठ्ठीशिवाय मागायला यायची. २००९ मध्ये इथेही बंदी आली. तेव्हा बंदीचं कारण एका ओळीत वाचलं होतं, त्यामागे एवढं शास्त्र आहे हे आज कळलं. आताही वजनाच्या औषधांची तशीच लाट आहे, म्हणून लिहिलं. मेंदूत फारसं न जाणारं नवं सीबी-१ रोधक औषध येतंय असं वाचलं होतं, ते कुठवर आलं?

---

पेशीजाल

@औषधवाला काका, ते मोनलुनाबंट. २०२४ मध्ये त्याच्या मधल्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल जाहीर झाले. वजन उतरलं, पण चिंता, चिडचिड आणि झोप बिघडणं हे त्रास डोसाबरोबर वाढत गेले. थोडं औषध मेंदूत जात असेल, किंवा पोटातला ग्राही अडवल्याचा परिणाम वर जात असेल. त्या आकड्यांवरून दोन्ही शक्यता खोडता येत नाहीत.

---

कोकणवाट

सरळ प्रश्न विचारतो. मग भांग घेतली तर पोट आणि मन दोन्ही बरं होणार का? आमच्याकडे महाशिवरात्रीला थंडाई असतेच.

---

बृहत्त्रयी

मी आयुर्वेदाचा पदवीधर, प्रॅक्टिस करतो. ग्रहणी आणि अतिसारात जातिफलादि चूर्ण शेकडो वर्षं वापरात आहे आणि त्यात विजया, म्हणजे भांग, हा मुख्य घटक आहे. आतड्याची गती कमी करण्याचा तिचा गुण आपल्याकडे ग्राही (रिसेप्टर) म्हणजे काय हे कळायच्या किती आधीपासून माहीत होता. १८३९ च्या सुमारास कोलकात्यात ओशॉनेसी या डॉक्टरने भांगेचे प्रयोग केले आणि कॉलऱ्याच्या रुग्णांनाही ती दिली, ते इथल्याच वैद्य-हकिमांचं पाहून. पण विजया शोधन करून, मात्रेत आणि इतर द्रव्यांबरोबर दिली जाते. जुनाट बद्धकोष्ठ असलेल्याला ती देत नाहीत. थंडाईचा पेला म्हणजे औषध नव्हे, हे @कोकणवाट यांनी लक्षात घ्यावं.

---

पेशीजाल

वैद्यबुवांशी मी सहमत आहे. माझ्या बाजूने थोडी भर घालते. शरीर हे रेणू जिथे लागतील तिथे, लागतील तेवढेच बनवतं. टीएचसी बाहेरून आलं की ते सगळ्या सीबी-१ वर एकदम, तासन्‌तास बसतं. कमी मात्रेत काळजी उतरते, जास्त मात्रेत तीच काळजी चढते. रोज घेत राहिलं की ग्राहीच कमी होतात. मग शरीराचं स्वतःचं आनंदामाइड असूनही पुरेनासं होतं.

कायद्याचं थोडक्यात: १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात पानं आणि बिया, शेंडे नसतील तर, गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांग राज्यांच्या कायद्यांकडे जाते, आणि महाराष्ट्रात तिच्यावर दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे.

---

मेपलपान

मी टोरांटोजवळ इमर्जन्सीत नर्स आहे. इथे २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. @कोकणवाट, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पंचविशीतली मुलं येतात, थांबता थांबत नाहीत अशा उलट्या, पोटात मुरडा, आणि तासन्‌तास गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहिलं की बरं वाटतं म्हणतात. ही खूण ऐकली की आम्ही विचारतो, गांजा रोज ओढतोस का? उत्तर बहुतेक वेळा हो असतं. याला कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस म्हणतात. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी याचं पहिलं वर्णन केलं. या मुलांना पटवणं फार अवघड जातं, कारण मळमळीवर गांजा चालतो हे त्यांनी ऐकलेलं असतं, आणि ते खोटंही नाही. बंद केला की त्रास जातो, पुन्हा सुरू केला की परत येतो. आई-वडील भारतातून फोनवर रडत असतात. कृपया "नैसर्गिक आहे" म्हणून कोणी सुरुवात करू नका.

---

साधीभाकरी

खूप छान चर्चा. माझा प्रश्न अगदी स्वयंपाकघरातला आहे. या यंत्रणेसाठी काय खावं? ताक, आंबील, घरचं लोणचं? आणि करडईचं तेल चांगलं की वाईट? एका व्हिडिओत काळी मिरी आणि लवंग "गांजासारखं काम करतात" असं सांगत होते.

---

पेशीजाल

@साधीभाकरी, मिरीपासून सुरू करते. मिरी-लवंगेत बीटा-कॅरिओफिलीन नावाचा घटक असतो आणि तो सीबी-२ ला चिकटतो, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. पण सीबी-२ नशेचा ग्राही नाही, आणि प्रयोगात उंदराला शुद्ध घटक दिला होता. आपण आमटीत टाकतो त्या चार मिऱ्यांवरून मी तरी काही दावा करणार नाही.

तेलाचं जास्त महत्त्वाचं आहे. आनंदामाइड आणि २-एजी दोन्ही ॲराकिडोनिक आम्लापासून बनतात, आणि ते ओमेगा-६ घराण्यातलं आहे. करडई, सूर्यफूल, सोयाबीन या तेलांत ओमेगा-६ भरपूर असतं. ऐकायला वाटेल, मग तर बरंच की, कच्चा माल जास्त. पण इथेच बहुतेकांची गल्लत होते. ही यंत्रणा जास्त चालली की उत्तम, असं नाही. लठ्ठ उंदरांच्या आतड्यात ती गरजेपेक्षा जास्त चालते, आणि त्यामुळे आतड्याचं अस्तर सैल होऊन जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात, हे २०१० मध्ये बेल्जियमच्या गटाने दाखवलं. ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या नोंदवहीतल्या सातशेहून अधिक जणांवरचा अभ्यास २०२१ मध्ये आला. ज्यांना कशातच गोडी वाटत नव्हती त्यांच्या आतड्यात जंतूंचं वैविध्य कमी होतं, आणि शौचात पीईए नावाचा एंडोकॅनाबिनॉइडांचा भाऊबंद रेणू जास्त होता, कमी नव्हे. म्हणून "पातळी वाढवा" असं जो कोणी विकतोय त्याच्यापासून लांब राहा.

माझ्या घरी मी तेलं आलटून पालटून वापरते आणि जवसाची चटणी रोज असते, कारण ओमेगा-३ ची बाजू आपल्या शाकाहारी ताटात नेहमी कमी पडते. ताक, आंबील जरूर घ्या. पण पॅरिसच्या प्रयोगातली लॅक्टोबॅसिलसची जात तुमच्या विरजणात असेलच असं समजू नका.

खाण्यातल्या तंतूंबद्दल (फायबर) मात्र खात्रीने लिहिते. ज्वारी-नाचणी, पालेभाज्या, सालासकट डाळी यांतले तंतू जंतू आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी छोटी मेदाम्लं बनतात. ही मेदाम्लं बनवणारे जंतू आणि एंडोकॅनाबिनॉइड यांचा संबंध माणसातही दिसला आहे, तोही व्यायामातून. नॉटिंगहॅमच्या गटाने २०२१ मध्ये संधिवाताचे ७८ रुग्ण घेतले. ३८ जणांनी सहा आठवडे रोज १५ मिनिटं स्नायूंचे व्यायाम केले, बाकीच्यांनी काही केलं नाही. व्यायाम करणाऱ्यांच्या रक्तात एंडोकॅनाबिनॉइड वाढले, वेदना कमी झाल्या, दाहाचे दर्शक उतरले आणि आतड्यात ही मेदाम्लं बनवणारे जंतूही वाढले. इथे उंदीर नाहीत, माणसं आहेत, आणि रोजची १५ मिनिटं कुणालाही जमण्यासारखी आहेत.

---

शंकासूर

७८ हा आकडा लहान आहे, आणि व्यायाम करणाऱ्याला आपण व्यायाम करतोय हे माहीत असतं, त्यामुळे वेदना कमी वाटणं हे अपेक्षेनेही होऊ शकतं. रक्तातले आकडे मात्र अपेक्षेने बदलत नाहीत, ते मान्य. पळण्यानंतरच्या आनंदाचं श्रेय वर्षानुवर्षं एंडॉर्फिनला (शरीराचं स्वतःचं वेदनाशामक रसायन) दिलं गेलं, तेही आता एंडोकॅनाबिनॉइडकडे झुकतंय असं वाचलं.

---

पेशीजाल

हो. २०२१ च्या एका जर्मन प्रयोगात धावणाऱ्यांना नाल्ट्रेक्सोन देऊन एंडॉर्फिनचा रस्ता बंद केला, तरी धावल्यानंतरचा आनंद आलाच, आणि रक्तातले एंडोकॅनाबिनॉइडही वाढले. एंडॉर्फिन रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. हे मेदाळ रेणू शिरतात.

---

ओंजळभर

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मागच्या धाग्यावरची ती ताई मीच. माझे पहिले डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम रात्री घ्यायला सांगितलं. घरी गोळीचं नाव गूगल केलं तर 'नैराश्यावरचं औषध' आलं. सासूबाई म्हणाल्या, डोक्याच्या गोळ्या कशाला? मीही घाबरून तिसऱ्या दिवशी बंद केली. आता हे सगळं वाचून वाटतंय की पुन्हा विचारावं. पण मग शेवटी माझं दुखणं मनाचंच ठरलं ना?

---

पेशीजाल

ओंजळभर ताई, नाही. तुमच्या प्रश्नासाठीच हा धागा काढला होता.

नैराश्यासाठी हे औषध साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम देतात. १० मिलिग्रॅम ही मात्रा पोटाच्या चेतांसाठी आहे. ती आतड्याची गती आणि वर जाणारा वेदनेचा संदेश, दोन्ही मंद करते. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 'लॅन्सेट'मध्ये आली. १० ते ३० मिलिग्रॅमवर आयबीएसचा त्रास नकली गोळीपेक्षा ठळकपणे कमी झाला. ते रुग्ण घरच्या फॅमिली डॉक्टरकडे जाणारे साधे लोक होते. सुरुवातीला तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती वाटते. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी काहीच कळत नाही. हे औषध एंडोकॅनाबिनॉइडवर चालत नाही, हेही सांगते, म्हणजे गोंधळ नको. त्याच आतड्याच्या आणि त्याच मेंदूच्या वेगळ्या तारांवर ते चालतं. सुरू करायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, विशेषतः हृदयाचा किंवा काचबिंदूचा काही इतिहास असेल तर.

सासूबाईंना असं सांगून बघा की पोटातही मेंदूसारख्याच चेतापेशी आहेत आणि गोळी त्यांच्यासाठी आहे.

---

साधीभाकरी

@ओंजळभर, माझ्या नणंदेला हाच त्रास. चातुर्मासात कांदा-लसूण बंद केलं की चार महिने पोट शांत, मग परत सुरू. आहारतज्ज्ञ म्हणाल्या की कांदा, लसूण, गहू, हरभरा यांतल्या काही साखरा आतड्यात फसफसतात, त्यावर ऑस्ट्रेलियात आहारपद्धतच तयार केलीय, फॉडमॅप नावाची. सगळं कायमचं सोडायचं नसतं. थोडे आठवडे बंद, मग एकेक परत आणून बघायचं.

---

पेशीजाल

बरोबर सांगितलंत. मोनॅश विद्यापीठाची पद्धत ती. फक्त आहारतज्ज्ञाबरोबर करा, कारण स्वतःहून केलं की लोक परत आणण्याचा टप्पा विसरतात आणि तंतूच कमी होतात, म्हणजे वर लिहिलेल्या जंतूंचं खाणंच तोडल्यासारखं.

एक गोष्ट सर्वांसाठी: शौचात रक्त, विनाकारण वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पंडुरोग (रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं), किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असेल तर इथे विचारत बसू नका, आधी तपासणी करा.

---

ओंजळभर

मनापासून आभार. गुरुवारची वेळ घेतली आहे. मला हृदयाचं काही नाही, पण वडिलांना काचबिंदू आहे. ते माझ्या बाबतीत सांगायचं का?

---

पेशीजाल

हो, जरूर सांगा. कुटुंबात काचबिंदू असेल तर डॉक्टर आधी डोळ्यांची तपासणी करून घ्यायला सांगू शकतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादीही सोबत न्या, आयुर्वेदिक चूर्णांसकट. आणि काय ठरलं ते इथे लिहा, त्या जुन्या धाग्यावर तुमच्यासारखे आणखी बरेच जण आहेत.